सूचिचिकित्सा : दीर्घकालिक व्यापक वेदनेवरील उपयोग

शरीराच्या पृष्ठभागावरील विशिष्ट बिंदूंमध्ये अतिशय बारीक सुया टोचून वेदना व इतर काही विकार यांवर उपचार करण्याच्या मूळच्या चिनी पद्धतीस सूचिचिकित्सा म्हणतात. ‘ॲक्युपंक्चर’ हे तिचे यूरोपीय नाव सुई आणि टोचणे या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून बनलेले असून ते सतराव्या शतकात प्रचारात आले. चिनी भाषेतील ‘झेन-ज्यू’ या नावात मात्र दोन क्रियांचा अंतर्भाव होतो : सुई टोचणे आणि दवण्याच्या प्रजातीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा चुरा जाळून त्वचेस शेक देणे. या दोन्ही क्रिया चिनी वैद्यकात बहुधा एकत्रच शिकविल्या जातात. प्रस्तुत नोंदीत सुई टोचण्याच्या क्रियेचा, आणि त्यातही शरीरभर पसरलेल्या व महिनोन् महिने टिकणाऱ्या वेदनेवरील तिच्या उपयोगाचा विचार केला आहे.

व्यापक वेदनेचे स्वरूप : शरीराच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर व खाली, तसेच मान, पाठ वा छाती या मध्यवर्ती भागांत तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिलेल्या वेदनेस दीर्घकालिक व्यापक वेदना म्हणतात. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांवरून सर्वसाधारण लोकसंख्येत तिचे प्रमाण सुमारे १० टक्के असावे असे दिसते. अशा वेदनेबरोबर न ओसरणारा थकवा, झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे, सकाळी अंग ताठरणे, स्मरण व एकाग्रता यांमध्ये अडथळा येणे इ. लक्षणे असतील, तर त्या लक्षणसमूहास फायब्रोमायाल्जिया ही संज्ञा लावतात. त्याचे प्रमाण २ ते ४ टक्के असून तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

ब्रिटिश तंत्रिकावैज्ञानिक विल्यम गॉवर्झ यांनी १९०४ मध्ये अशा दुखण्यास तंतुमय ऊतकांचा शोथ (दाहयुक्त सूज) या अर्थाचे नाव दिले होते. पुढे ऊतकांच्या तपासणीत शोथ आढळेना, म्हणून १९७६ मध्ये केवळ ‘तंतू व स्नायू यांतील वेदना’ असा अर्थ असलेले फायब्रोमायाल्जिया हे नाव पुढे आले. अमेरिकेतील संधिवातवैज्ञानिकांच्या संघटनेने १९९० मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार शरीरावरील १८ ठराविक जागांवर सुमारे चार किग्रॅ. इतका दाब दिल्यावर किमान ११ जागी वेदना होणे निदानासाठी आवश्यक होते. २०१० च्या निकषांत दाबून पाहण्याची ही अट वगळून वेदनेचे क्षेत्र आणि इतर लक्षणांची तीव्रता यांना गुण देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दीर्घकालिक व्यापक वेदनेचा समावेश ‘प्राथमिक दीर्घकालिक वेदना’ या गटात केलेला आहे. या गटात वेदना हे दुसऱ्या एखाद्या रोगाचे केवळ लक्षण मानले जात नाही, तर तीच रोग मानली जाते. [→ वेदना].

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये स्नायू व सांधे यांच्या दुखण्यांची घरोघर जाऊन पाहणी सुरू झाली. तीत सुमारे १८ टक्के प्रौढांना अशी दुखणी असल्याचे आढळले. त्यांतील मोठा वाटा सांध्यांच्या ज्ञात रोगांचा नव्हता, तर कोणत्याही ठराविक निदानात न बसणाऱ्या तक्रारींचा आणि सांध्याभोवतालच्या मऊ ऊतकांच्या दुखण्यांचा होता. अशा रुग्णाच्या रक्ताच्या तपासण्या व क्ष-किरण चित्रे बहुधा निर्दोष असतात. त्यामुळे ‘काही झालेले नाही’ असे उत्तर त्याला ठिकठिकाणी मिळते, घरातही त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवला जात नाही आणि तो एका उपचाराकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. सूचिचिकित्सेकडे वळणाऱ्यांत अशा रुग्णांची संख्या मोठी असते. म्हणून या पद्धतीचा त्यांना खरोखर किती उपयोग होतो, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

वेदनेची यंत्रणा : इजा झालेल्या जागेकडून निघालेले संदेश तंत्रिकांमार्फत मेरुरज्जूत व तेथून मेंदूत पोहोचतात. हा मार्ग एकेरी नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडून मेरुरज्जूकडे उलट दिशेने येणारे तंतू वरून जाणाऱ्या संदेशांना आवर घालतात किंवा वाढवितात. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण उपपत्तीने वेदनेच्या या नियंत्रणाकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये मेरुरज्जूतील कोशिका वारंवार उद्दीपित झाल्यास अतिसंवेदनशील बनतात हे प्रयोगाने दाखविले. या अवस्थेस केंद्रीय संवेदीकरण म्हणतात.

व्यापक वेदनेत बिघाड स्नायूंपेक्षा या नियंत्रणयंत्रणेत असतो असे आता मानतात. फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात वेदनासंदेशाशी संबंधित असलेल्या ‘पी’ या पदार्थाचे प्रमाण वाढलेले आढळते. दाब, उष्णता, मोठा आवाज यांसारखी इतरांना साधी वाटणारी उद्दीपने त्यांना दुःसह होतात. आणि मेंदूकडून येणारा आवर दुर्बल झालेला असतो. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये या प्रकारच्या वेदनेस इजाजन्य व तंत्रिकाविकारजन्य या दोन जुन्या प्रकारांहून वेगळा असा तिसरा प्रकार म्हणून मान्यता दिली. जेथे दुखते तेथे बिघाड नाही, असे असेल तर तेथेच केलेला उपचार पुरेसा पडणार नाही, हे या विवेचनावरून उघड होते.

इतिहास : सूचिचिकित्सेचे सर्वांत जुने व्यवस्थित विवेचन पीत सम्राटाच्या नावावर असलेल्या ह्वांग-दी नै-जिंग या ग्रंथात आढळते. त्याचे संकलन इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास झाले असावे. चीनमधील मावांगद्वी येथे १९७३ मध्ये उघडलेल्या आणि इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातील हस्तलिखितांत शरीरातील वाहिन्यांचे व शेकाचे वर्णन आहे. सुयांचा उल्लेख मात्र नाही. यावरून वाहिन्यांची कल्पना सुयांच्या वापरापूर्वीची असावी असे अनुमान निघते. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी यांनी ३४९ बिंदूंचे वर्णन केले. सुंग राजवटीत, इ. स. १०२७ च्या सुमारास, वांग वै-ई यांच्या देखरेखीखाली बिंदू दर्शविणारे मानवाकृती ब्राँझचे पुतळे ओतण्यात आले आणि त्यांचा शिक्षणासाठी वापर होऊ लागला. मिंग काळातील यांग जी-जौ यांचा १६०१ मधील बृहद्ग्रंथ पुढील कित्येक पिढ्यांना प्रमाण ठरला.

चीनमध्येही या पद्धतीचा मान कायम राहिला नाही. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ती काढून टाकली. १९२९ मध्ये पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. वैद्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. १९४९ नंतर डॉक्टरांची टंचाई आणि राष्ट्रीय परंपरेचा अभिमान या दोन्ही कारणांनी साम्यवादी शासनाने तिला पुन्हा उत्तेजन दिले. आज प्रचलित असलेले तिचे सुटसुटीत, पाठ्यपुस्तकी रूप बऱ्याच अंशी या काळात घडले आहे.

यूरोपात या पद्धतीची माहिती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जपानमध्ये राहिलेले वैद्य व्हिलेम टेन राइन यांच्या १६८३ मधील ग्रंथाने पोहोचली. फ्रान्समध्ये संगीतकार बेर्लिओझ यांचे वडील लुई बेर्लिओझ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचा वापर केला. विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मधील आपल्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात कंबरदुखीसाठी सुया टोचण्याची शिफारस केलेली होती. तथापि पाश्चात्त्य देशांत सार्वत्रिक कुतूहल जागे झाले ते १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पीकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि तीनंतरच्या अस्वास्थ्यावर सुयांनी उपचार करण्यात आला. त्यांनी लिहिलेला वृत्तांत न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाच्या २६ जुलै १९७१ च्या अंकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिरकाने झाली होती व सुया नंतर टोचल्या होत्या. पण सांगोवांगी पसरलेल्या कथेत या दोहोंची गल्लत झाली. १९७२ मधील राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीनंतर हे कुतूहल आणखी वाढले. २०१० मध्ये यूनेस्कोने चिनी सूचिचिकित्सा व शेक यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

पारंपरिक उपपत्ती : चिनी वैद्यकानुसार ‘ची’ नावाची जीवनशक्ती बारा प्रमुख वाहिन्यांतून वाहते. याखेरीज शरीराच्या मध्यरेषेवर पुढे व मागे एकेक वाहिनी असते. ‘यिन’ व ‘यांग’ या परस्परपूरक तत्त्वांचा तोल ढळला किंवा ‘ची’चा प्रवाह खुंटला म्हणजे वेदना होते; बिंदूंत सुई टोचल्याने प्रवाह मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या बिंदूंची संख्या ३६१ असून त्यांच्या जागांचे आंतरराष्ट्रीय मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या वाहिन्यांशी जुळणारी कोणतीही स्वतंत्र रचना शरीररचनाशास्त्रात आढळलेली नाही. त्यामुळे वाहिन्या म्हणजे अनुभवांची मांडणी करण्यासाठी प्राचीन वैद्यांनी योजलेला आराखडा होय, असे समजणे सयुक्तिक ठरते.

आयुर्वेदातील मर्मे आणि चिनी बिंदू एकच होत, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मे ही आघात झाल्यास प्राणघात किंवा वैकल्य ओढवणारी स्थाने असून शस्त्रकर्म करताना ती जपावीत असा तेथे दंडक आहे. सुया टोचण्यासाठी सांगितलेल्या बिंदूंशी त्यांचे कार्य जुळत नाही. त्याच संहितेतील अग्निकर्माचे चिनी शेकाशी वरवर साम्य आहे, पण एवढ्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात मानता येत नाही.

उपचाराची पद्धत : हल्ली एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या, निर्जंतुक केलेल्या, अगंज पोलादी सुया वापरतात. त्यांचा व्यास सामान्यतः ०·२ ते ०·३ मिमी. असतो. अंतःक्षेपणाच्या (इंजेक्शनच्या) सुईप्रमाणे त्या पोकळ नसतात व त्यांतून कोणतेही औषध शरीरात सोडले जात नाही. बिंदूंमधील अंतर रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीने मोजतात. सुई काही मिमी.पासून काही सेंमी.पर्यंत खोल घालून हलकेच फिरविली जाते. त्या वेळी जडपणा, ठणका किंवा मुंग्या यांसारखी जी संवेदना होते तिला ‘द-ची’ म्हणतात आणि पारंपरिक चिकित्सक तिला महत्त्व देतात. सुया २० ते ३० मिनिटे ठेवतात. आठवड्यातून एक-दोन वेळा याप्रमाणे आठ ते बारा बैठकींचा एक क्रम होतो. सुयांच्या जोड्यांमधून सौम्य विद्युत् प्रवाह सोडल्यास त्यास विद्युत् सूचिचिकित्सा म्हणतात.

व्यापक वेदनेत ठिकठिकाणच्या दुखऱ्या जागांबरोबर दूरच्या बिंदूंचीही निवड करतात. उदा., अंगठा व तर्जनी यांच्या तळहाडांमधील ‘हगू’, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरील बाजूचा ‘झू-सान-ली’, पायाच्या आतील घोट्याच्या वरचा ‘सान-यिन-ज्याव’ व पावलाच्या पाठीवरील ‘ताय-चुंग’. या रुग्णांची त्वचा व स्नायू अतिसंवेदनशील असल्यामुळे सुया थोड्या व उद्दीपन सौम्य ठेवावे लागते. पहिल्या एकदोन बैठकींनंतर वेदना तात्पुरती वाढूही शकते.

शरीरक्रियावैज्ञानिक स्पष्टीकरण : मेंदूत नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या अफूसदृश पदार्थांचा शोध १९७५ मध्ये लागला. त्यानंतर दोनच वर्षांत, नॅलोक्सोन हे अफूरोधक औषध दिले असता सुयांनी येणारे वेदनाशमन कमी होते, असे प्राण्यांवरील व मानवावरील प्रयोगांत दिसून आले. चीनमधील हान जी-शंग यांच्या संशोधनावरून विद्युत् प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) कमी वा अधिक ठेवल्यास वेगवेगळे अफूसदृश पदार्थ स्रवतात असे आढळले. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत सुईच्या जागी ॲडेनोसीन हा पदार्थ वाढतो व तो जवळच्या तंत्रिकांतील वेदनासंदेश रोखतो असे दिसले. शिवाय शरीराच्या एका भागातील तीव्र उद्दीपनाने दुसऱ्या भागातील वेदना दबते, हेही १९७९ पासून ज्ञात आहे.

ही स्पष्टीकरणे व्यापक वेदनेस जशीच्या तशी लावता येत नाहीत, याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे वरील परिणाम मिनिटे किंवा तास टिकणारे आहेत. महिनोन् महिन्यांच्या आरामाचे कारण त्यांत सापडत नाही. दुसरे म्हणजे ज्या आवरयंत्रणेच्या साहाय्याने सुई काम करते असे मानतात, नेमकी तीच या रुग्णांत दुर्बल असते. या दृष्टीने अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात फायब्रोमायाल्जियाच्या २० स्त्रियांवर झालेला व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. खरी व मिथ्या सूचिचिकित्सा मिळालेल्या दोन्ही गटांत वेदना सारखीच कमी झाली. परंतु मेंदूतील अफूग्राहींची बंधनक्षमता केवळ खऱ्या गटात वाढलेली दिसली. म्हणजे रुग्णाला जाणवणारा परिणाम सारखा असला, तरी तो वेगवेगळ्या मार्गांनी साधलेला असू शकतो.

मिथ्या उपचाराचा प्रश्न : औषधाच्या परीक्षेत तुलनेसाठी तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. सुईच्या बाबतीत अशी निष्क्रिय प्रतिकृती बनविणे अवघड असते. यासाठी बिंदू सोडून अन्यत्र सुया टोचणे, अगदी वरवर टोचणे, किंवा दाबल्यावर मुठीत सरकणारी व त्वचेस केवळ स्पर्श करणारी बोथट सुई वापरणे, असे उपाय योजतात. अशी सरकती सुई १९९८ मध्ये जर्मनीत प्रचारात आली. पण त्वचेला झालेला स्पर्शही तंत्रिकांना उद्दीपित करतोच. शिवाय चिकित्सकाने दिलेला वेळ, आपुलकीने केलेली चौकशी, शांतपणे पडून राहण्याची अर्धी घटका आणि आराम पडेल ही अपेक्षा दोन्ही गटांत समान असते. उपचार करणाऱ्यास आपण काय करीत आहोत हे ठाऊक असते, ही अडचण तर दूर करताच येत नाही. म्हणून परीक्षांचे निष्कर्ष वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : उपचार न घेण्यापेक्षा सुया बऱ्या काय, आणि मिथ्या सुयांपेक्षा खऱ्या सुया बऱ्या काय.

या भेदाचे ठळक उदाहरण कंबरदुखीवरील जर्मन परीक्षेत मिळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या सूचिचिकित्सेच्या गटातील ४७·६ टक्के, मिथ्या गटातील ४४·२ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटातील २७·४ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे होकारार्थी, तर दुसऱ्याचे जवळजवळ नकारार्थी आहे.

व्यापक वेदनेवरील परीक्षा : जिनीव्हा येथे १९९२ मध्ये ७० रुग्णांवर झालेल्या परीक्षेत विद्युत् सूचिचिकित्सा मिथ्या उपचारापेक्षा सरस ठरली. अमेरिकेतील सिॲटल येथे १०० रुग्णांना बारा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा उपचार देण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत तीन निरनिराळ्या प्रकारच्या मिथ्या उपचारांशी तुलना करता खऱ्या उपचाराने वेदना अधिक कमी झाली नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षेत सुई कोठे टोचली व ती फिरविली की नाही यांवर आराम अवलंबून नसल्याचे दिसले. मेयो क्लिनिक येथील २००६ मधील ५० रुग्णांच्या परीक्षेत खऱ्या गटास महिन्याभराने बरे वाटले, पण सुधारणा मुख्यतः थकवा व चिंता यांमध्ये होती. स्पेनमध्ये प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांनुसार बिंदू निवडून आठवड्याला एक याप्रमाणे नऊ बैठकींचा उपचार करण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत दहा आठवड्यांनी वेदनेची तीव्रता खऱ्या गटात सुमारे ४१ टक्क्यांनी, तर मिथ्या गटात २७ टक्क्यांनी कमी झाली. वर्षाअखेर हे आकडे अनुक्रमे सुमारे २० व ६ टक्के होते.

२०१३ मध्ये कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तोपर्यंतच्या नऊ परीक्षांचा (एकूण ३९५ रुग्ण) एकत्रित आढावा घेतला. उपचार न घेणे किंवा नेहमीचेच उपचार घेणे यांच्या तुलनेत सुयांनी वेदना व ताठरपणा कमी होतो. मिथ्या सुयांच्या तुलनेत वेदना, थकवा व झोप यांत फरक पडत नाही. आणि विद्युत् प्रवाहासहित दिलेला उपचार केवळ हाताने दिलेल्या उपचाराहून बहुधा अधिक परिणामकारक असतो, असे तीन निष्कर्ष त्यातून निघाले. परीक्षा लहान असल्यामुळे पुराव्याचा दर्जा कनिष्ठ ते मध्यम ठरविण्यात आला. याउलट गुडघ्याचा झीजजन्य संधिवात, मान व पाठदुखी, खांदेदुखी आणि डोकेदुखी यांवरील ३९ परीक्षांतील २०,८२७ रुग्णांच्या माहितीचे २०१८ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात खऱ्या सुया मिथ्या सुयांपेक्षा थोड्या पण निश्चित प्रमाणात सरस आढळल्या. ही दुखणी एका जागेची आहेत. त्यांवरील निष्कर्ष व्यापक वेदनेस लागू करणे बरोबर नाही. पण जाहिरातींत तसे सर्रास केले जाते.

शिफारशी : यूरोपीय संधिवातवैज्ञानिकांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत फायब्रोमायाल्जियासाठी ‘निःशंक’ शिफारस केवळ व्यायामाची केली असून सूचिचिकित्सेस ‘दुर्बल’ शिफारस दिली आहे. अनेक औषधांनाही याच दर्जाची शिफारस मिळालेली आहे. इंग्लंडमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये प्राथमिक दीर्घकालिक वेदनेसाठी सूचिचिकित्सेच्या एका क्रमाचा विचार करण्यास अनुमती दिली. मात्र हा उपचार स्थानिक पातळीवर मिळावा आणि त्यासाठी चिकित्सकाचे एकूण पाच तासांहून अधिक खर्ची पडू नयेत, असे बंधन तिने घातले. याच संस्थेने अशा वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल, शोथरोधी वेदनाशामके व अफूजन्य औषधे नव्याने सुरू करू नयेत असे सांगितले आहे. औषधांचा पर्याय असा मर्यादित असताना, अपाय कमी असलेल्या उपचारास संधी द्यावी, असा या शिफारशीमागील विचार दिसतो.

सुरक्षितता : प्रशिक्षित व्यक्तीने निर्जंतुक सुया वापरून केलेला उपचार बराच निर्धोक असतो. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८·६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला. त्यांत किरकोळ रक्तस्राव वा काळे-निळे पडणे सर्वाधिक होते. छातीवर वा खांद्यावर सुई खोल गेल्याने फुप्फुसाभोवती हवा शिरणे हा गंभीर अपाय त्या पाहणीत दोनच रुग्णांत आढळला. सुया पुन्हा वापरल्यास यकृतशोथ-बी यासारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. म्हणून सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते काय, हे रुग्णाने पाहावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, गर्भवती स्त्रिया व हृदयात गतिकारक बसविलेले रुग्ण यांनी चिकित्सकास तसे आधी सांगणे आवश्यक असते. शेवटच्या गटात विद्युत् प्रवाह वर्ज्य मानतात.

सुईपेक्षाही मोठा धोका निदान चुकण्याचा असतो. अवटू ग्रंथीची मंदता, ड जीवनसत्त्वाची न्यूनता, संधिवाताभ संधिशोथ, अस्थिमज्जेचे अर्बुद इत्यादींतही अंग दुखते. वजन घटणे, ताप, सांध्यांना दिसण्याजोगी सूज, एखाद्या अवयवाची शक्ती जाणे किंवा रात्री झोपमोड करणारी एकाच जागची वेदना ही लक्षणे असल्यास सुया टोचून घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे.

भारतातील स्थिती : १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर यांच्याबरोबर बंगालमधील बिजॉयकुमार बसू हे होते. कोटणीस यांचा १९४२ मध्ये चीनमध्येच अंत झाला. बसू यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकून घेतली व कलकत्त्यात तिचा प्रसार केला. भारतातील या पद्धतीचा आरंभ बव्हंशी त्यांच्यापासून धरतात. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये व महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमान्वये या उपचारपद्धतीचे नियमन करण्याचे ठरविले. केंद्र शासनाने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून व २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून तिला मान्यता दिली. शासकीय मान्यतेचा संबंध शिक्षण व नोंदणी यांच्याशी असतो. अमुक रोगावर उपचार गुणकारी आहे असा निर्वाळा तीमध्ये अभिप्रेत नसतो.

मूल्यमापन : दीर्घकालिक व्यापक वेदना सूचिचिकित्सेने बरी होते, असे म्हणण्यास आधार नाही. पुष्कळ रुग्णांना तिच्यामुळे काही आठवडे ते काही महिने आराम वाटतो. या आरामाचा मोठा भाग सुईच्या अचूक जागेपेक्षा उपचाराच्या एकूण प्रसंगातून येत असावा. तो आराम खोटा नसतो, कारण वेदना कमी झाल्याची जाणीव हीच येथे मोजण्याची वस्तू आहे. पण तेवढ्यावरून वाहिन्यांची उपपत्ती सिद्ध होत नाही आणि महागड्या, न संपणाऱ्या बैठकींचे समर्थनही होत नाही. पाच-सहा बैठकींत फरक न पडल्यास उपचार पुढे चालविण्यात अर्थ नसतो. फरक पडल्यास त्या मिळालेल्या अवधीत चालणे, पोहणे, हलका व्यायाम व नियमित झोप यांची सवय लावून घ्यावी. कारण दीर्घकाळ उपयोगी पडणारे असे उपाय तेच आहेत, आणि वेदनेमुळे नेमके तेच रुग्णाला सर्वांत अवघड वाटत असतात. चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नयेत.